नवी गाडी आणि तिची प्रतीक्षा

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही एका मालवाहू गाडीविषयी बोलणार आहोत, हे ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ फुलांवर आणि भाजीपाल्यावर चालतो, आणि शेतातला माल मार्केट यार्डात पहाटे पोहोचला नाही तर त्याचे मोल मातीइतकेच उरते. म्हणून गाडी ही आपली बैलजोडीच होय. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, चार जाणत्यांस विचारतो. गाडी घेताना मात्र रंग पाहतो आणि विसार देऊन मोकळे होतो. या उतावळेपणाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. तोच आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रतीक्षा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. 1951 साली उद्योगांच्या विकासाचा व नियमनाचा कायदा झाला आणि कोणत्या कारखान्याने काय व किती निर्माण करावयाचे, हे परवान्याने ठरू लागले. मागणी वाढली तरी उत्पादन मन मानेल तसे वाढविण्याची मोकळीक कारखानदारास नव्हती. त्यामुळे 1970 नंतरच्या काळात स्कूटर नोंदविणाऱ्यास कित्येकदा दहा-दहा वर्षे थांबावे लागे. आमच्या वडिलांनी 1974 साली स्कूटर नोंदविली, तेव्हा आमची थोरली बहीण पाटीवर मुळाक्षरे गिरवीत होती. क्रमांक लागला तेव्हा ती शालान्त परीक्षेस बसली होती. मधल्या काळात तो क्रमांक जादा पैसे देऊन मागणारी माणसे घरी येत. वडील म्हणत, “रांगेतली जागा ही विकण्याची वस्तू नव्हे.” त्या प्रतीक्षेत एक गुण मात्र होता. ती दीर्घ आहे हे सर्वांस ठाऊक होते; तिच्या भरवशावर कोणी हातातली सायकल विकीत नसे.

पुढे 1991 च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन गेले. 2005 साली टाटांची ‘एस’ ही लहान मालवाहू गाडी बाजारात आली आणि अरुंद गल्लीतून, शेताच्या वाटेवरून पाऊण टन माल नेणाऱ्या या चारचाकीस लोकांनी कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हटले. तेव्हापासून लहान बागायतदारही आपल्या दारी गाडी असावी असे म्हणू लागला. पैसे द्यावे आणि गाडी आणावी, अशी आपली समजूत झाली. त्या समजुतीनेच आम्हांस फसविले.

आमची थोडी जमीन पुरंदर तालुक्यात आहे. तेथे आम्ही दसऱ्यासाठी झेंडू करतो. दिवेघाट उतरून पुण्यास माल नेण्यासाठी आमच्याकडे एक जुना तीनचाकी टेम्पो होता. 2021 च्या जूनमध्ये साथीचे निर्बंध सैल झाले, तेव्हा आमचे धाकटे बंधू व आम्ही एका विक्रेत्याकडे जाऊन नवी पिकअप गाडी नोंदविली. पन्नास हजारांचा विसार दिला. “गणपतीपूर्वी गाडी दारात येईल,” असे तेथील तरुण कारकुनाने सांगितले. जुन्या टेम्पोस त्या दिवशी बरी किंमत येत होती, म्हणून तो आम्ही तेथेच देऊन टाकला. हातातल्या पावतीवर गाडी देण्याची तारीख नव्हती, आणि ती विचारण्याचे आम्हांस सुचलेही नाही.

गणपती आले आणि गेले. पितृपक्ष गेला. कारकून प्रत्येक वेळी नम्रपणे पुढील पंधरवडा सांगे. तो लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्याकडून त्यास जे कळे तेच तो सांगत असावा. खरे कारण दूरचे होते. 2020 च्या महामारीत जगभरच्या मोटारकारखान्यांनी सुट्या भागांची मागणी कमी केली, आणि घरी बसून काम व शिक्षण करणाऱ्यांसाठी संगणकांचा खप वाढल्याने चिपा तिकडे वळल्या. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीने वीज गेली व तेथील चिपांचे कारखाने थांबले. मार्चमध्ये जपानातील नाका येथील कारखान्यास आग लागली. आजच्या डिझेल इंजिनास किती इंधन केव्हा द्यावयाचे हे चिपेवर चालणारा नियंत्रक ठरवितो. नखाएवढ्या वस्तूवाचून आख्खी गाडी अडावी, असा हा काळ आहे.

त्या वर्षी दसरा 15 ऑक्टोबरला होता. मंदिरे 7 ऑक्टोबरलाच उघडली होती, त्यामुळे फुलांना मागणी येणार हे उघड होते. शेत केशरी झाले होते आणि दारात गाडी नव्हती. भाडोत्री टेम्पोवाले आधीच इतरांकडे गुंतलेले; जे मोकळे होते त्यांनी दुप्पट भाडे सांगितले. पहिल्या दिवशीचा माल उन्हे वर आल्यावर बाजारात पोहोचला आणि अडत्याने दिलेली पट्टी पाहून घरात कोणी कोणाशी बोलेना. टेम्पो कोणी विकावयास लावला, यावरून आम्हां भावांत जे शब्द झाले ते येथे सांगण्यासारखे नाहीत. खंडेनवमीस दरवर्षी गाडीस हार घालतात. त्या दिवशी आमच्या आईने अंगणातील रिकाम्या जागेकडे पाहिले आणि कोयत्या-खुरप्यांची पूजा करून ती आत गेली.

त्याच सायंकाळी आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ दारी आले. त्यांच्याशी आमचा परिचय या संमेलनापुरताच. ते म्हणाले, “आमच्या हौद्यात निम्मी जागा आहे. रात्री दोनला निघू. क्रेट बांधावर आणून ठेवा.” त्यांच्यामुळे उरलेला माल वेळेवर गेला. भाडे विचारता, “हिशेब तुमची गाडी आल्यावर,” एवढेच ते बोलले. आमची गाडी कार्तिकी एकादशीच्या सुमारास आली. मार्गशीर्षात त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला, आणि नऊ दिवस आमची गाडी त्यांचा माल वाहत राहिली. हिशेब तेव्हा झाला.

या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. गाडी देण्याची तारीख, विसार परत मिळण्याची अट आणि किंमत कोणत्या दिवसाची धरणार, या तीन गोष्टी लेखी घ्याव्या. किंमत बहुधा गाडी देण्याच्या दिवशीची धरतात, आणि ती दोन्ही बाजूंस हलू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा थांबलेल्यांचा लाभच झाला. कर्जाची रक्कम चेसिस क्रमांक हाती आल्यावाचून विक्रेत्यास देवू नये. एरवी गाडी कारखान्यात आणि हप्ता आपल्या दारात, अशी स्थिती होते. ताब्यात घेण्यापूर्वी गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हे पाहावे. आणि नवी गाडी दारात उभी राहीपर्यंत जुनी हातची सोडू नये.

तंटा उद्भवलाच तर धंद्याची गाडी म्हणून हताश होऊ नये. स्वतः राबून केवळ चरितार्थासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. पावत्या मात्र जपून ठेवाव्या.

शेवटी एक सूचना. आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक वही असावी. ज्यांच्याकडे मालवाहू गाडी आहे त्यांनी आपले नाव व नित्याचा मार्ग तीत नोंदवावा. ज्यांची गाडी यावयाची आहे किंवा दुरुस्तीस गेली आहे त्यांनी आपली गरज नोंदवावी. डिझेलचा खर्च वाटून घ्यावा. एका भल्या गृहस्थाने आपण होऊन आमच्यासाठी जे केले, ते त्यांच्या स्वभावावर न सोडता आपल्या रीतीत बसावे, एवढेच आमचे मागणे आहे. कारखान्यातून गाडी केव्हा निघावी हे आपल्या हाती नाही. ती येईपर्यंत कोणाच्या बांधावर फुले सुकू नयेत, हे मात्र खचित आपल्या हाती आहे. वहीत पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.