खापा येथील परिषदेचे स्वागताध्यक्षीय भाषण

सातपुड्यातून उतरलेल्या कन्हान नदीच्या काठी, सावनेर तालुक्यात, खापा वसले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रुग्णाच्या आयुर्मानाचा अंदाज देणाऱ्या जनुकीय व प्रथिन-खुणांवर विचार करण्यासाठी आलेल्या सर्व प्रतिनिधींचे या गावात स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.

खाप्याची नगरपालिका १८६७ सालची. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्याच्याही दहा वर्षे आधीची. गावाचे वैभव हातमागाचे. कोष्ट्यांच्या घरोघरी पांजण होई, कांड्या भरल्या जात, धोटा चाले. गिरणीच्या स्वस्त कापडाने हा धंदा खचवला, तरी विणकरांचे गाव ही खाप्याची ओळख पुसली नाही. जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीनेही परिसराला रोजगार दिला.

त्याच टाटा घराण्याच्या विश्वस्तनिधीतून १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घडवली आणि भारतात कर्करोगाच्या विकृतिशास्त्राचा पाया घातला. प्रस्तुत विषय त्याच परंपरेतला.

रोग आतड्याच्या भिंतीत किती खोल गेला आणि लसिका गाठींत पोहोचला का, यावरून ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये टप्पे ठरवले. टप्पा हा आजही मुख्य आधार आहे. पण एकाच टप्प्यातील दोन रुग्णांचे भवितव्य सारखे नसते. १९६५ मध्ये गोल्ड व फ्रीडमन यांनी दाखवलेले सीईए हे प्रथिन शस्त्रक्रियेनंतर रक्तात पुन्हा वाढू लागले, तर रोग परतल्याची शंका येते. डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठींचे भवितव्य दुसऱ्या टप्प्यात बहुधा बरे असते. दूरवर पसरलेल्या रोगात बीआरएएफ जनुकातील व्ही६००ई बदल मात्र प्रतिकूल ठरतो. या खुणांचा कस वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानेच लागतो. म्हणून खाप्यासारख्या गावांतील रुग्णही त्या नोंदींत यायला हवेत. गावात परिषद भरवण्यामागे हीच तळमळ आहे.

नागपूरसारख्या सोयी येथे नाहीत. निवास, पाणी, वीज वा भोजनात जे उणे राहील, त्याबद्दल समिती अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. धान्य देणारे शेतकरी, वर्गणी देणारे व्यापारी, स्वागतासाठी कापड देणारे विणकर, खोल्या मोकळ्या करून देणारे शिक्षक, स्वयंपाकाला हातभार लावणाऱ्या भगिनी, पहाटेपासून राबणारे सफाई कामगार आणि स्वयंसेवक या सर्वांची समिती ऋणी आहे. परिषदेचे कामकाज सुफळ होवो.