ल्वार नदीच्या काठाने सायकलवरून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला फ्रान्सच्या प्रवासावर बोलायला सांगितले, तेव्हाच मी त्यांना बजावले की माझ्याकडून पॅरिसचे वर्णन मिळणार नाही. पॅरिसला आम्ही फक्त आगगाडी बदलली. मी पाहिला तो ल्वार नदीकाठचा मुलूख, तोही सायकलवरून, आणि तोही अशा चालीने की एकदा एका म्हाताऱ्या कुत्र्याने मला मागे टाकले.

ही गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. माझी मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असते. तिने फोनवर विचारले, "आई, आठ दिवस सायकलवरून हिंडायचे का?" मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची. कॉलेजात असताना मी पुण्यात रोज सायकल हाणीत असे. पण लग्नानंतर ती जी जिन्याखाली गेली, ती तिथेच गंजली. तरी माझ्या तोंडून "हो" निघून गेले. मग दोन महिने पहाटे मागच्या मैदानावर सराव केला. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तो गच्चीवरून पाहिला आहे, तेव्हा त्याचा तपशील सांगत नाही.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरांहून थोडी अधिकच. तिच्या काठाकाठाने थेट समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरांची सायकलवाट आखलेली आहे. आम्ही त्यातला ब्ल्वा ते सोम्यूर एवढाच तुकडा घेतला. तरणी पोरे तो दोन-तीन दिवसांत संपवतात. सायकली ब्ल्वाला भाड्याने घ्यायच्या आणि सोम्यूरला परत करायच्या. सामान मोटारीने पुढच्या मुक्कामी जाते. आपण फक्त पाय मारायचे. उतरण्याच्या घरीही सायकलस्वारांची सोय पाहतात. सायकल ठेवायला कुलुपाची जागा आणि किरकोळ दुरुस्तीची हत्यारे मिळतात.

वाट बरीचशी नदीच्या बांधावरून जाते. पूर अडवायला मध्ययुगापासून घातलेले हे बांध. खाली नदी उथळ, पसरट, मध्येमध्ये वाळूची बेटे. पाहिली तर वाटते, हिला कसला आला आहे पूर? पण काठच्या घरांवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत: १८४६, १८५६, १८६६. एका भिंतीवरची खूण माझ्या डोक्याच्या वर वीतभर होती. तिथे मी सायकल टेकवून बराच वेळ उभी राहिले. माझ्या माहेरच्या वाड्याच्या भिंतीवर १९६१ च्या पानशेतच्या पुराची रेघ होती आणि आजी दर पावसाळ्यात आम्हाला ती बोटाने दाखवीत असे.

खाण्याचे म्हणाल तर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण वेळ पाळावी लागते. बारा वाजले की गावातली दुकाने बंद, ती दोनच्या पुढे उघडायची. सोमवारी तर पाववाल्याचेही दार बंद. पहिल्या सोमवारी आम्ही मी नेलेल्या दशम्यांवर दिवस काढला. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचे, मग काय हवे ते विचारायचे. मी एकदा थेट किंमत विचारली, तर दुकानदारीणबाईंनी मला आधी नमस्कार करायला लावला आणि मगच पाव दिला. मला त्या फार आवडल्या. त्या भागात शेळीच्या दुधाचे एक लांबट चीज मिळते. वरून राख फासलेली आणि आत आरपार एक गवताची काडी. ती काडी मी पहिल्या दिवशी चावून पाहिली. ती खायची नसते.

किल्ले आणि वाडे इतके की सगळे सांगत बसले तर चहा निवेल. शनाँसोचा मात्र सांगते, कारण त्याला बायकांचाच वाडा म्हणतात. तो शेर नावाच्या नदीवर पुलासारखा उभा आहे. राजा दुसरा हेन्री याने तो आपल्या आवडत्या दियानला दिला. १५५९ मध्ये राजा वारला आणि राणी कॅथरीनने तो परत घेऊन दियानच्या पदरात शोमाँचा वाडा टाकला. सवतीने बांधलेल्या पुलावर राणीने मग ऐटीत दुमजली दालन चढवले. त्याच दालनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. तिथे मुलीने मला आणखी एक गंमत सांगितली. १८०० सालच्या एका हुकुमाने पॅरिसमध्ये बायकांना विजार घालायला पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली ती अशी, की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचे हँडल असेल तर चालेल! तो हुकूम आता लागू नाही, असे सरकारने स्पष्ट केले ते २०१३ साली.

व्हिलांद्रीला भाजीचा बाग आहे. नऊ चौकोन, आणि त्यांत कोबी, मिरच्या, भोपळे असे रंग जुळवून लावलेले की कुणी रांगोळी घातली आहे असे वाटावे. मी तिथे दोन तास काढले. मुलगी घड्याळ पाहत होती. "आई, पाणी पी. आई, उजव्या बाजूने चाल. आई, गुडघा दुखतो का?" हे तीन दिवस चालले होते. शेवटी मी म्हटले, "लांजेच्या पुलापर्यंत मी एकटी जाते. तू पुढे जा."

ती एकदम म्हणाली, "मला तू खडकवासल्याला जाऊ दिले नव्हतेस."

ती चौदा वर्षांची असताना वर्गातली मुले-मुली सायकलने खडकवासल्याला निघाली होती. मी रहदारीचे कारण सांगून नाही म्हटले. खरे कारण ते नव्हते. बरोबर मुलगे होते आणि शेजारणी काय म्हणतील, ही माझी भीती. त्यांतल्या काही शेजारणी आज समोर बसल्या आहेत. दोष त्यांचा नाही. त्यांनी काही म्हटलेच नव्हते.

मी एकटी निघाले. वाट नदीकाठाने, चुकायला जागा नाही, तरी मी चुकले आणि मक्याच्या शेतात शिरले. फोन सामानात गेलेला. एका आजोबांनी ट्रॅक्टरवरून हात करून दिशा दाखवली. पुलाशी पोचायला पाऊण तास उशीर झाला. मुलगी कठड्याला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

मी म्हटले, "तुला तेव्हा जाऊ द्यायला हवे होते."

"हो, द्यायलाच हवे होते," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. मग आम्ही पुलावरच पाव खाल्ला. पुढचे दिवस तिने घड्याळ पाहिले नाही असे नाही, पण बोलली नाही.

सोम्यूरला सायकली परत केल्या तेव्हा माझा हात हँडलवरून लवकर निघेना. घरी आल्यावर जिन्याखालची गंजकी सायकल मोडीत घातली आणि नवी घेतली. ती मंडळाच्या व्हरांड्यात उभी असते. ज्या भगिनींना शिकायची आहे, त्यांनी सकाळी सहाला मैदानावर यावे. कुलुपाची किल्ली माझ्याकडे आहे.