साचा नसलेले मडगार्ड
(गुम्मिडिपूंडी येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण, संक्षेपाने)



चेन्नईच्या लोकलने आपण ज्या औद्योगिक वसाहतीत उतरलो, तिथे साचा असला की प्रेसमधून पत्र्याचे पॅनेल झटक्यात निघते. पण जुन्या मोटारीचे मडगार्ड गंजले आणि साचाच उरला नसेल, तर? मग हातोडीवाल्याचेच पाय धरावे लागतात.

पत्रा एका अंगाने वाकवणे सोपे. मडगार्ड दोन्ही अंगांनी फुगलेले असते. म्हणजे पत्रा मध्ये ताणायचा, कडेला आटवायचा. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने खोलगट करायचा, मग खाली डॉली धरून हातोडीने गुळगुळीत. ठोकून ठोकून पत्रा ताठरतो, म्हणून तापवून नरम करतात. अॅल्युमिनियमवर साबण फासतात. साबण काळा पडला की आच काढायची. हेच त्याचे तापमापक! पुट्टी थापून खड्डे झाकणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

माटुंगा वर्कशॉपात डब्यांचा गंजका पत्रा बदलणाऱ्या आपल्या भावांना हे निराळे सांगायला नको. फरक एवढाच, की त्यांच्या नावापुढे हुद्दा आहे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर दिला. गाडीची नोंद झाली; ती घडवणाऱ्याची कुठे आहे? छोट्या गॅरेजात बहुधा ना हजेरीपट, ना भविष्यनिर्वाह निधी. दिवसभरच्या ठोक्यांनी कान जातात ते वेगळेच. त्याला कुशल कामगाराचे वेतन, कानाला संरक्षण आणि हाताखालच्या पोराला शिकाऊ भत्ता, एवढे मागायला आपण त्याच्याबरोबर गेले पाहिजे.