ध्येय आणि वाट



ध्येय मोठे, पगार तोकडा. मग वाट कशी काढावी, असे आपण विचारता. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली पुण्याच्या शनिवार पेठेत, गद्रे वाड्यात सुरू झाले. तेथे १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे गणित शिकवावयास आले. सतराव्या वर्षी मुरुडहून साताऱ्यास परीक्षेसाठी पायी गेलेले व वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेलेले कर्वे ते हेच! विधवांसाठी आश्रम त्यांनी १८९६ साली काढला, पण १९१४ पर्यंत नोकरी सोडली नाही. घर पगारावर चाले. वर्गणीसाठी सुट्टीत गावोगाव हिंडत. मला त्यांच्या धैर्याइतकाच हा हिशेबीपणा मोलाचा वाटतो. आपल्यापैकी कोणास पुढील परीक्षा द्यावयाची असेल, त्याने प्रथम सुट्टीचे दिवस मोजावेत. शाळा नसलेल्या खेड्यांसाठी मंडळ काढले तेव्हा, १९३६ मध्ये, कर्वे ७८ वर्षांचे होते.