तगरच्या पंचक्रोशीत स्वागत असो!

मोठ्या इमारतींना गारवा पुरवणाऱ्या अभियंता, कंत्राटदार व कारागीर बंधू-भगिनींनो,

आई तुळजाभवानीच्या जिल्ह्यात आपले स्वागत. ही परिषद धाराशिवला भरणार म्हटल्यावर आमच्या पेठेत पहिला प्रश्न निघाला, 'एसीवाले इथे कशाला?' जानेवारी 2020 मध्ये 93वे साहित्य संमेलन इथे भरले तेव्हाही काहींनी असेच विचारले होते. साहित्यिक जेवून तृप्त होऊन गेले.

गारव्याचेच म्हणाल, तर आमचे नळदुर्ग पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला. पावसाळ्यात वरून पाणी कोसळते, आत माणूस कोरडा. चिलर नाही, कूलिंग टॉवर नाही, दुरुस्तीचा वार्षिक करारसुद्धा नाही!

पण माझा जीव तेरमध्ये अडकलेला. तेर म्हणजे प्राचीन तगर, संत गोरोबाकाकांचे गाव. तिथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. उष्णता त्या किती अडवतात, हे आपणच मोजून सांगा. याच गावचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीच्या मातीतून निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती त्यांनी हौसेने जमवल्या. आज शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे, तरी जिल्ह्यातल्या किती पोरांना ते ठाऊक आहे? त्यांच्या संग्रहातली हस्तिदंती बाहुली जरूर पाहा. तशाच धाटणीची मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईला सापडली. तगरचा व्यापार कुठवर पोचला होता बघा!

आता या बाहुलीचा आपल्या परिषदेशी संबंध काय, असे सचिव मघापासून खुणेने विचारताहेत. आहे, संबंध आहे. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो. ओलावा सारखा खालीवर झाला की तडे जातात. दिवसा एसी चालू, रात्री बंद, हे संग्रहालयात भागत नाही. शस्त्रक्रियागृहाचा हिशेब वेगळा, नाट्यगृहाचा वेगळा, संग्रहालयाचा त्याहून वेगळा. नुसते टनेज बघून चालत नाही, असे आमच्या समितीतल्या अभियंत्यांनी मला दोनदा समजावले. 1902 मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तीही दमट हवेने कागद बिघडत होता म्हणून. माणसांचा नंबर नंतर लागला.

या सभागृहात एसी नाही, हे आपण आत पाऊल टाकताच ओळखलेत. आपल्यातले दोघे काल शिडीवर चढून पत्र्याचा हीट लोड काढून आले. त्यांनी सांगितलेला आकडा मी कोषाध्यक्षांपासून लपवून ठेवला आहे. लॉजच्या खोल्या कमी पडल्या, काहींना मंगल कार्यालयात गाद्यांवर झोपावे लागले, गरम पाणी सगळ्यांना पुरले नाही. क्षमा असावी. मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही. आडत व्यापाऱ्यांनी जेवणाचा शिधा दिला, महाविद्यालयाने खुर्च्या, कूलर विकणाऱ्या दुकानदारांनी कूलर. तेही एसीवाल्यांच्या परिषदेला, याला मोठे मन लागते! भूमच्या खवा व्यावसायिकांनी खवा पाठवला. तो गुलाबजामच्या रूपाने दुपारी पानात येईल, लाजू नका. जनरेटरपाशी रात्रभर जागलेल्या पोरांचे आभार राहिले तर घरी मला बोलणी बसतील.

तेरची बस जेवणानंतर सुटेल. जागा मोजक्याच आहेत, दाराशी टेबलावर नावे नोंदवा. अध्यक्ष महोदयांनी आता दीपप्रज्वलन करावे. पंख्याचा झोत समईवर येतो आहे, तेवढा पंखा कुणीतरी बंद करा.