जुनी स्पोर्ट्स कार : हौस आणि हिशेब

आम्ही दोघा भावांनी मिळून २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. घरातून एकच अट होती, मुलींच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावायचा नाही.

गाडी मुंबईची. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात येईपर्यंत पूर्ण पैसे दिले नाहीत. इंदूरला आणल्यावर इथला रोड टॅक्स पुन्हा भरला. आम्ही सरकारी नोकर, खात्याला लेखी कळवणेही आलेच.

मग मानपूरजवळ एका टायरची हवा गेली. या गाडीत स्टेपनी नसतेच. टायर रन-फ्लॅट, हवा गेली तरी ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. जीव मुठीत धरून घर गाठले. जुनी गाडी स्वस्त मिळते हो, पण सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने! त्या रात्री जेवताना ठेवीचा विषय निघालाच. मोडली नाही. गाडी तीन महिने झाकून उभी राहिली.

आता दोघेही दरमहा गाडीसाठी वेगळे पैसे टाकतो. मागल्या रविवारी छत उघडून आईला राजवाड्यापर्यंत नेले. बसली ऐटीत; उतरताना मात्र दोघांनी हात धरून उठवावे लागले.