सीमेवरचा आठवडे बाजार आणि छोटा विक्रेता
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमापार व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंदरे, बोटी आणि निर्यातदारांची शिष्टमंडळे उभी राहतात. आजचे माझे विवेचन त्यांच्याविषयी नाही. चार टोपल्या भाजी, दहा-वीस लुंग्या, थोडी सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या आणि ज्याचे गिऱ्हाईक योगायोगाने पलीकडच्या देशात राहते अशा माणसाविषयी ते आहे.

भारत आणि बांगलादेश यांच्यातील सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची आहे. तीपैकी ८५६ किलोमीटर एकट्या त्रिपुराच्या वाट्याला येते. १९४७ साली ही रेषा आखली गेली तेव्हा बाजार एकीकडे आणि त्याची गावे दुसरीकडे, अशी फाळणी ठिकठिकाणी झाली. कमलासागरचे काली मंदिर अलीकडे राहिले, कसब्याचे रेल्वे स्थानक पलीकडे गेले. आगरतळ्याहून कलकत्त्याला भारताच्याच भूमीवरून जायचे, तर गुवाहाटीमार्गे सुमारे १,६०० किलोमीटरचा वळसा पडू लागला. देवाणघेवाण मात्र थांबली नाही. ती चोरटी झाली, आणि चोरट्या व्यापारात नफा घरी बसलेल्या मालकाचा, तर तुरुंग आणि बंदुकीची गोळी डोक्यावर गाठोडे वाहणाऱ्याची, हा नियम कोणत्याही सीमेवर बदलत नाही.

१९७२ च्या भारत-बांगलादेश व्यापार करारात सीमेलगतच्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यातील रहिवाशांना खुल्या देवाणघेवाणीची मुभा दिलेली होती. ती व्यवस्था अल्पावधीतच गुंडाळण्यात आली. त्यानंतर जवळजवळ चार दशके गेली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये उभय देशांत सामंजस्य करार झाला आणि २०११ च्या जुलैमध्ये मेघालयातील कलाईचर येथे पहिला सीमा-हाट भरला. पुढे बालाट, आणि २०१५ साली त्रिपुरात श्रीनगर व कमलासागर. त्रिपुरात त्या वेळी माणिक सरकार यांचे डाव्या आघाडीचे मंत्रिमंडळ होते आणि त्याने या हाटांचा पाठपुरावा सातत्याने केला होता.

‘हाट’ या शब्दाशी मी भाषांतर करताना काही काळ अडखळलो होतो. मराठीत तो एकटा फारसा वावरत नाही, ‘बाजारहाट’ या जोडशब्दात तेवढा टिकून आहे. परंतु वस्तू आपल्या पूर्ण परिचयाची आहे. तो आठवडे बाजारच होय. फरक एवढाच की तो शून्य रेषेवर, सुमारे ७५ मीटर लांब-रुंद अशा कुंपणाच्या आत भरतो आणि त्याला दोन दरवाजे असतात, दोन देशांकडे उघडणारे.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. विक्रेते सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारे हवेत. आरंभी प्रत्येक बाजूचे २५ होते, मागाहून ५० झाले. भाजीपाला, फळे, मसाले, लाकूड वगळता किरकोळ वनोपज, मासळी, गमछे, लुंग्या, नांगर-कुऱ्हाडींसारखी अवजारे असा माल. जकात नाही, आयात-निर्यातीचा परवाना नाही, बँकेचे कागद नाहीत. व्यवहार रुपयांत किंवा टाकांत, अथवा सरळ मालाच्या बदल्यात माल. देखरेखीसाठी जिल्हा प्रशासन, सीमाशुल्क खाते, सुरक्षा दल आणि स्थानिक पंचायत यांची समिती. खरेदीवर मात्र मर्यादा आहे. आधी माणशी ५०, मग १००, नंतर २०० डॉलर. गारो टेकड्यांतली म्हातारी कुरिग्रामच्या शेतकऱ्याकडून कांदे घेणार, आणि हिशेब डॉलरात! हे कलम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने बाजार पाहिला असावा असे वाटत नाही.

ही सूट अपवाद का ठरली, हे कळण्यासाठी पेट्रापोल-बेनापोलसारख्या मोठ्या नाक्याकडे पाहावे लागते. तेथे आयात-निर्यात क्रमांक हवा, लेटर ऑफ क्रेडिट हवे, मालाच्या तपासणीचे दाखले हवेत, क्लिअरिंग एजंट हवा. भारतीय ट्रकमधला माल पलीकडे उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवावा लागतो, आणि रांगेत दिवस मोडतात. यातला बहुतेक खर्च मालाच्या प्रमाणात वाढत नाही. समजा, एका खेपेच्या कागदांना पाच हजार रुपये पडले. वीस टन माल नेणाऱ्याला किलोमागे पंचवीस पैसे, एक टन नेणाऱ्याला पाच रुपये. जकात शून्यावर आणली तरी हा भेद जसाच्या तसा राहतो. छोटा माणूस मग आपला माल मोठ्या आडत्याच्या हवाली करतो, किंवा रात्रीच्या वाटेला लागतो.

येथे आपल्यापैकी अनेक जण आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे: ‘व्यापार सुलभीकरण’ हा तर जागतिक व्यापार संघटनेचा शब्द! खरे आहे. २०१३ साली बाली येथे त्या नावाचा करार संमत झाला. अन्नधान्याच्या सरकारी साठ्याच्या प्रश्नावरून भारताने २०१४ च्या जुलैमध्ये तो अडवून धरला होता. अखेर तो २०१७ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्यात विश्वासू ठरवलेल्या व्यापाऱ्यांना तपासणीत सवलत देण्याची तरतूद आहे. तिचे निकष लहान उद्योगांना वगळणारे नसावेत, असेही त्यात म्हटले आहे, परंतु ‘शक्य तितपत’ ही पुस्ती जोडून. या पुस्तीतच सारे आले. हिशेबाच्या वह्या, लेखापरीक्षण, मागील आयातीची नोंद ज्याच्याकडे आहे तोच विश्वासू. तथापि जकात उठवून परदेशी भांडवलाला दार मोकळे करणे वेगळे आणि शेजारच्या गावातल्या माणसाला कोबी विकताना अडवू नये असे म्हणणे वेगळे. पहिल्याला विरोध करताना दुसरे विसरले जाते, हे आपल्या लिखाणातही घडते.

सूट दिली की तिचा गैरफायदा घेणारे येतात, हेही नाकारू नये. जम्मू-काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सलामाबाद आणि चकां-दा-बाग येथून २१ जिनसांचा जकातमुक्त वस्तुविनिमय सुरू झाला. बँक नाही, पैसा नाही, मालाचा हिशेब मालानेच मिटवायचा. त्या वाटेने कॅलिफोर्नियाचे बदामही आल्याचे आरोप झाले. शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट चलन येत असल्याचे कारण देऊन केंद्र सरकारने २०१९ च्या एप्रिलमध्ये हा व्यापार स्थगित केला. दोषी किती आणि कोण हा तपासाचा विषय. परंतु त्या दिवशी हमाल, ट्रकचालक आणि प्रामाणिक व्यापारी हे सारेच एका आदेशाने बेकार झाले.

हाटांचेही असेच होत आले आहे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे ते बंद झाले. पेट्रापोलची मालवाहतूक त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली, हाटांना मात्र दोन-तीन वर्षे वाट पाहावी लागली.

२०२५ मध्ये तर गंमत झाली, अर्थात ज्यांना भोगावी लागली नाही त्यांच्यासाठी. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीची वाट बंद केली. मे महिन्यात भारताने तयार कपड्यांना कलकत्ता आणि न्हावा शेवा या बंदरांखेरीज मज्जाव केला, आणि ईशान्येकडील नाक्यांवर प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ, प्लास्टिकच्या वस्तू व लाकडी फर्निचर अडवले. जूनमध्ये तागाच्या कित्येक जिनसांना केवळ न्हावा शेवा तेवढे मोकळे ठेवण्यात आले. म्हणजे बेनापोलहून काही पावलांवर असलेल्या बंगालात जायचा ताग आधी लंकेला वळसा घालून उरणच्या खाडीत यावा! ज्याच्याकडे जहाजात जागा घेण्याचे भांडवल आहे तो हे करीलही. आगरतळ्याच्या बाजारात पलीकडची बिस्किटे आणि खुर्च्या विकणाऱ्या दुकानदाराने काय करावे, याविषयी त्या अधिसूचनांत एक ओळही नाही. दोन सरकारे भांडतात तेव्हा निदान हाटाचे कुंपण या भांडणाबाहेर राहावे, तो उघडण्याचा व बंद करण्याचा निर्णय त्याच्या समितीने, पंचायतीच्या संमतीने घ्यावा आणि खरेदीची मर्यादा रुपयांत लिहावी, एवढी मागणी सीमाभागातल्या आपल्या शाखांनी लावून धरण्यासारखी आहे.